आधी लेखी परवानगी, मग पिल्लू

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या घरात प्राणी पाळायचा असेल तर काय तपासावे, कुणाला विचारावे आणि कुठे सांभाळून राहावे

इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या मराठी घरांत एक हट्ट हमखास ऐकू येतो. वर्गातल्या अमक्याकडे कुत्रा आहे, तमकीकडे दोन मांजरी आहेत, मग आपल्याकडे का नाही? आईवडील आधी खर्चाचा हिशेब मांडतात, मग भारतात गेल्यावर त्याला बघणार कोण, याचा. घर कौन्सिलचे असेल तर मात्र या दोन्हींच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे: ते ठेवू देतील का?

या प्रश्नाचे उत्तर शेजाऱ्यांकडे पाहून ठरवू नका. खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे कुत्रा आहे, म्हणून तुम्हालाही चालेल असे नाही. त्यांचा करार वेगळा असेल, परवानगी जुनी असेल किंवा त्यांनी कुणाला विचारलेच नसेल. कौन्सिलच्या घरांतल्या प्राण्यांसाठी देशभर लागू होणारा एकच नियम नाही. प्रत्येक कौन्सिल आपल्या भाडेकरारात आणि धोरणात तो ठरवते. त्यामुळे क्रम एकच ठेवा: आधी करार वाचायचा, मग लेखी परवानगी घ्यायची आणि मगच प्राणी घरी आणायचा.

हा लेख इंग्लंडपुरता आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये भाडेकरूंचे कायदे वेगळे आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये सरकारी घरे कौन्सिलकडे नसून हाउसिंग एक्झिक्युटिव्हकडे आहेत आणि तिथे कुत्र्यासाठी अजूनही लायसन्स लागते. ब्रिटनच्या बाकी भागात ते १९८७ मध्येच रद्द झाले.

घरमालक नक्की कोण?

इमारत कौन्सिलची असली म्हणजे तुमचा घरमालकही कौन्सिलच असेल असे नाही. १९८० च्या हाउसिंग ॲक्टने भाडेकरूंना ‘राइट टू बाय’ दिला, म्हणजे राहते घर सवलतीच्या किमतीत विकत घेण्याचा हक्क. त्यानंतर लाखो घरे विकली गेली आणि त्यातली बरीच आज खासगी मालक भाड्याने देतात. एकाच जिन्यावर कौन्सिलचा भाडेकरू, फ्लॅट विकत घेतलेला रहिवासी आणि खासगी मालकाचा भाडेकरू असे तिघे राहत असतात. तिघांचे नियम वेगळे.

तुम्ही भाडे थेट कौन्सिलला भरत असाल तर तुमचा भाडेकरार हाच तुमचा नियम. हाउसिंग असोसिएशनच्या भाडेकरूंनाही तिचा करार आणि तिचे धोरण पाहावे लागते.

नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेक कुटुंबांना ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येत नाही) या अटीमुळे कौन्सिलचे घर मिळत नाही. ती कौन्सिलने बांधलेल्या इमारतीत राहत असली तरी त्यांचा मालक बहुधा खासगी असतो. त्यांच्यासाठी रेंटर्स राइट्स ॲक्ट, २०२५ महत्त्वाचा आहे. १ मे २०२६ पासून खासगी भाडेकरूला प्राणी ठेवण्याची लेखी विनंती करण्याचा हक्क आहे. मालकाने सर्वसाधारणपणे २८ दिवसांत लेखी उत्तर द्यायचे आहे आणि वाजवी कारणाशिवाय नकार द्यायचा नाही. मात्र मालकाच्या स्वतःच्या लीजमध्येच प्राण्यांना मनाई असेल तर ते वाजवी कारण ठरू शकते, आणि फ्लॅटच्या बाबतीत ही शक्यता मोठी असते. लीजची ती अट काय आहे, हे मालकाला विचारून घ्या.

हा नवा हक्क कौन्सिलच्या भाडेकरूंना लागू नाही. ‘आता कायदाच आलाय, कुणी नाही म्हणू शकत नाही’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला, तरी कौन्सिलच्या घरात राहणाऱ्यांनी तो स्वतःला लावून घेऊ नये.

फ्लॅट तुम्हीच विकत घेतला असेल तर तुम्ही लीजहोल्डर. इमारतीची मालकी कौन्सिलकडेच असल्याने लीजमधल्या अटी पाळाव्या लागतात. लीजची प्रत खरेदीच्या वेळी सॉलिसिटरने दिलेल्या कागदांत असते.

करारात काय शोधायचे?

कराराची प्रत सापडत नसेल तर हाउसिंग ऑफिसकडून मागून घ्या. प्राण्यांविषयीचे कलम तर वाचाच, पण उपद्रव, सामायिक जागा आणि घरातले बदल यांविषयीची कलमेही वाचा. प्राण्यांवरून होणारे बरेचसे वाद या तीन कलमांखाली येतात. कलमांचे शब्द कौन्सिलगणिक बदलतात, पण काही गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्या आढळतात.

पहिली गोष्ट घराच्या प्रकाराची. स्वतंत्र दार आणि स्वतःची बाग असलेल्या घराला कुत्र्याची परवानगी सहज मिळते. सामायिक जिना किंवा लिफ्ट असलेल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला ती अनेक ठिकाणी मिळत नाही. मांजरांबाबत धोरण सहसा सैल असते.

दुसरी संख्येची. एक किंवा दोन अशी मर्यादा घातलेली असते. मांजरीला पिल्ले झाली की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते, म्हणून नसबंदी वेळेवर करून घ्या. घरी पैदास करून पिल्ले विकण्यास कौन्सिल सहसा मनाई करतात.

मासे, हॅमस्टर, पिंजऱ्यातले छोटे पक्षी यांना पुष्कळदा वेगळी परवानगी लागत नाही. तरी फ्लॅटमध्ये मोठी मत्स्यपेटी ठेवण्याआधी विचारा. १०० लिटर पाण्याचे वजन १०० किलो भरते आणि पेटी फुटली तर ते खालच्या घराच्या छतातून झिरपते. आरवणारा कोंबडा, शेतातली जनावरे आणि विषारी प्राणी यांना बहुतेक करारांत बंदी असते. डेंजरस वाइल्ड ॲनिमल्स ॲक्ट, १९७६ च्या यादीतल्या प्राण्यांसाठी तर वेगळे लायसन्स लागते.

ज्येष्ठांसाठीच्या शेल्टर्ड हाउसिंगमध्ये नियम आणखी कडक असू शकतात. काही ठिकाणी सोबत आणलेला प्राणी ठेवू देतात, पण तो गेल्यावर दुसरा आणू देत नाहीत. आईवडिलांसाठी असे घर पाहत असाल तर अर्ज भरतानाच हे विचारा.

नव्या भाडेकरूला अनेक कौन्सिल पहिले १२ महिने ‘इंट्रोडक्टरी टेनन्सी’ देतात. या काळात करार मोडल्यास घर परत घेणे कौन्सिलला बरेच सोपे असते. पहिल्या वर्षात विनापरवानगी कुत्रा आणणे म्हणजे डोक्यावरचे छप्पर पणाला लावणे.

अर्ज कसा करायचा?

फोनवर कुणीतरी ‘चालेल’ म्हटले, ही परवानगी नव्हे. कौन्सिलच्या वेबसाइटवर फॉर्म असेल तर तो भरा, नसेल तर ईमेल करा. अर्जात पुढील गोष्टी नेमक्या शब्दांत लिहा:

• प्राणी कोणता, जात, वय, नर की मादी, वाढ पूर्ण झाल्यावरचा आकार.
• मायक्रोचिप, लसीकरण आणि नसबंदी झाली आहे का, किंवा कधी होणार.
• घर कोणत्या मजल्यावर आहे, बाग स्वतःची की सामायिक, कुंपण कसे आहे.
• दिवसभर घरी कोण असते. कुत्र्याला सलग चार तासांहून जास्त एकटे ठेवू नये, असे इथल्या प्राणिसंस्था सांगतात. दोघेही नोकरी करत असाल तर मधली सोय लिहा.
• तुम्ही गावाला गेल्यावर किंवा आजारी पडल्यावर प्राण्याला कोण सांभाळणार.
• दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीचा विमा घेणार आहात का.

आधीच्या घरमालकाचे किंवा व्हेटचे पत्र असेल तर जोडा. उत्तर आले की ते जपून ठेवा आणि त्यातल्या अटी वाचा. परवानगी पुष्कळदा त्या एका प्राण्यापुरती आणि त्या एका घरापुरती असते. कुत्रा वारला आणि दुसरा आणायचा झाला, तर पुन्हा अर्ज. घर बदलले किंवा दुसऱ्या भाडेकरूशी अदलाबदल केली, तरी पुन्हा अर्ज. नव्या घरासाठी बिडिंग करताना, म्हणजे जाहीर झालेल्या घरांवर पसंती नोंदवताना, जाहिरातीतच ‘नो पेट्स’ लिहिलेले असू शकते, तेही पाहा.

दृष्टिहीन किंवा अन्य अपंग व्यक्तीला मदत करणारा प्रशिक्षित कुत्रा ही वेगळी बाब आहे. इक्वॅलिटी ॲक्ट, २०१० नुसार घरमालकाने अशा व्यक्तीसाठी वाजवी सोय करायची असते. त्यामुळे ‘प्राणी नको’ हा सरसकट नियम इथे पुढे करता येत नाही. मनाच्या आधारासाठी ठेवलेल्या प्राण्याला मात्र असा कायदेशीर दर्जा आपोआप मिळत नाही. मानसिक आरोग्याचे कारण असेल तर डॉक्टरांचे पत्र जोडून ते अर्जात स्पष्ट लिहा.

परवानगी मिळाली तरी हे कायदे आहेतच

इंग्लंडमध्ये कुत्र्याला मायक्रोचिप ६ एप्रिल २०१६ पासून सक्तीची आहे आणि पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत ती बसवावी लागते. मांजरांसाठी ही सक्ती १० जून २०२४ पासून आली, मुदत २० आठवड्यांच्या वयापर्यंत. चिप नसेल तर दुरुस्तीसाठी २१ दिवसांची मुदत मिळते आणि त्यानंतर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. घर बदलल्यावर चिपच्या नोंदीतला पत्ता बदलायला अनेक जण विसरतात. जुना पत्ता असेल तर हरवलेला प्राणी तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

चिप असली तरी सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळ्यात मालकाचे नाव आणि पत्ता लिहिलेला पट्टा लागतो. हा १९९२ चा नियम आहे. नुसता फोन नंबर पुरत नाही.

पिट बुल टेरिअर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या जातींवर डेंजरस डॉग्ज ॲक्ट, १९९१ नुसार बंदी आहे. एक्सएल बुलीची त्यात भर पडली. १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय एक्सएल बुली बाळगणे गुन्हा आहे, आणि तो विकणे किंवा भेट देणेही गुन्हाच. कुणी असा कुत्रा फुकट देऊ केला, तरी घेऊ नका.

कोणत्याही जातीचा कुत्रा धोकादायकरीत्या बेताल झाला, तर मालक जबाबदार असतो. २०१४ पासून हे घराच्या आतही लागू आहे. पत्र टाकायला आलेल्या पोस्टमनला कुत्रा चावला, तर ‘तो माझ्या दारात होता’ हा बचाव चालत नाही. कुणी जखमी झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्राण्याची आबाळ हाही गुन्हा आहे. ॲनिमल वेल्फेअर ॲक्ट, २००६ नुसार योग्य जागा, योग्य आहार, स्वाभाविक हालचालींना वाव, गरजेप्रमाणे सोबत किंवा एकांत आणि वेदना व आजारापासून संरक्षण या पाच गरजा भागवणे मालकावर बंधनकारक आहे. कुत्र्याला दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवणे यात बसत नाही.

पिल्लू घेताना ते त्याच्या आईसोबत, जन्मलेल्या ठिकाणीच पाहा. एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालची पिल्ले दुकानदारांना किंवा दलालांना विकता येत नाहीत. ती थेट ब्रीडरकडून किंवा प्राणिसंस्थेकडून घ्यावी लागतात.

बागेत कोंबड्या पाळायच्या असतील तर कौन्सिलच्या परवानगीबरोबर सरकारी नोंदणीही लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी ती सक्तीची आहे. पोपटासारख्या, कायम घरात ठेवलेल्या पक्ष्यांना त्यातून सूट आहे. लंडनच्या बागांतून उडणारे हिरवे राघू आपल्याकडच्याच जातीचे असले, तरी ते रानपक्षी आहेत. त्यांना पकडून पिंजऱ्यात घालणे बेकायदा आहे.

शेजाऱ्यांशी वाद होतो तो इथे

कौन्सिलकडे जाणाऱ्या तक्रारींत भुंकणे पुढे असते. तुम्ही कामावर गेल्यावर कुत्रा किती भुंकतो, हे तुम्हाला कळत नाही. शेजाऱ्यांना विचारा किंवा फोन रेकॉर्डिंगला लावून जा. आवाज उपद्रवाच्या पातळीला गेला तर कौन्सिल एन्व्हायर्न्मेंटल प्रोटेक्शन ॲक्ट, १९९० खाली नोटीस काढू शकते आणि ती न पाळणे गुन्हा ठरतो.

विष्ठा लगेच पिशवीत उचला, अगदी सामायिक हिरवळीवरची आणि पाऊस पडत असतानाही. अनेक कौन्सिलांनी यासाठी आदेश काढले आहेत आणि जागेवर दंड होऊ शकतो. बाल्कनीत कुत्र्याला शी-शू करू देऊन वरून पाणी ओतणे हा खालच्या घराशी भांडण उकरून काढण्याचा हमखास मार्ग आहे. लिफ्टमध्ये कुत्रा आखूड पट्ट्यावर धरा आणि आत कुणी घाबरलेले दिसले तर पुढच्या लिफ्टने जा.

मांजरासाठी दाराला कॅट फ्लॅप बसवायचा विचार असेल तर थांबा. सामायिक जिन्यात उघडणारे फ्लॅटचे मुख्य दार सहसा आगरोधक असते. त्याला भोक पाडले की आग आणि धूर अडवण्याची त्याची क्षमता संपते. २०१७ मधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर या दारांची तपासणी कडक झाली आहे. स्वतंत्र घराच्या मागच्या दारालाही फ्लॅप बसवण्याआधी लेखी संमती घ्या.

आणखी एक सवय सोडावी लागते: बाल्कनीतून कबुतरांना दाणे टाकण्याची. आपल्याकडे ते पुण्य मानतात, इथे त्यावर उपद्रवाची तक्रार होते. दाण्यांमागून उंदीरही येतात.

भारतातला कुत्रा आणायचा असेल तर

पुण्या-मुंबईत वाढवलेला कुत्रा मागे सोडवत नाही आणि तो आणताही येतो, पण सहा-सात महिन्यांची तयारी हवी. ब्रिटनच्या यादीत भारत ‘अनलिस्टेड’ देशांत मोडतो. आधी मायक्रोचिप, मग वयाच्या १२ आठवड्यांनंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणे, असा क्रम आहे. त्यामुळे साधारण सात महिन्यांखालचे पिल्लू क्वारंटाइनशिवाय येऊच शकत नाही. कुत्र्याला ब्रिटनमध्ये पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमीवरचे औषध व्हेटकडून देऊन कागदावर नोंदवून घ्यावे लागते. विमानाने तो कार्गो म्हणूनच येतो, केबिनमध्ये नाही. मालकाचा प्रवास त्याच्या प्रवासापासून पाच दिवसांच्या आत असावा लागतो. भारतातून बाहेर पाठवण्याचे प्रमाणपत्र ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस देते आणि तिचे एक केंद्र मुंबईत आहे.

एवढा खर्च आणि खटाटोप झाल्यावर कौन्सिलने नकार दिला, तर जीव टांगणीला लागेल. म्हणून लस टोचण्याआधीच इथल्या घराची लेखी परवानगी हातात हवी.

नकार आला किंवा कुत्रा आधीच घरात असेल तर

नकाराची कारणे लेखी मागा आणि कौन्सिलच्या धोरणाशी ताडून पाहा. धोरण परवानगी देत असताना अधिकाऱ्याने नकार दिला असेल, तर तक्रार करा. पहिल्या टप्प्याची तक्रार कौन्सिलने नोंदवून घेतल्यावर १० कामकाजी दिवसांत उत्तर अपेक्षित असते आणि दुसऱ्या टप्प्यात २० कामकाजी दिवसांत. तरी समाधान झाले नाही तर हाउसिंग ओम्बड्समनकडे विनामूल्य जाता येते. तो तुमच्यासाठी परवानगी काढून देत नाही. कौन्सिलने आपलेच धोरण नीट आणि न्यायाने पाळले का, एवढे तो तपासतो. सल्ल्यासाठी सिटिझन्स ॲडव्हाइस आणि शेल्टर या संस्था आहेत. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषी मिळेल का, ते विचारा.

परवानगीशिवाय प्राणी आधीच घरात असेल तर लपवू नका. स्वतःहून अर्ज करा आणि लस, चिप, नसबंदीचे कागद जोडा. शेजाऱ्यांची तक्रार नसेल तर मार्ग निघण्याची शक्यता चांगली असते. निरीक्षकाला सापडल्यावर केलेल्या अर्जाला ते वजन राहत नाही. पक्क्या भाडेकरूला घराबाहेर काढण्यासाठी कौन्सिलला न्यायालयात जावे लागते आणि तसे करणे वाजवी आहे, हे न्यायाधीशाला पटवावे लागते. त्यामुळे कौन्सिलच्या एका पत्राने घाबरून प्राणी सोडून देऊ नका, पण ते पत्र कपाटातही टाकू नका. दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. प्राण्याला रस्त्यावर सोडणे हा वेगळा गुन्हा होऊ शकतो. ठेवणे खरोखर अशक्य झाले तर डॉग्ज ट्रस्ट, ब्लू क्रॉस किंवा आरएसपीसीए यांच्याशी बोला.

पैसे आणि भारतवारी

माणसांसाठी एनएचएस आहे, प्राण्यांसाठी नाही. हाड मोडले किंवा पोटाची शस्त्रक्रिया लागली तर बिल हजारो पौंडांत जाऊ शकते. विमा घेताना कोणते आजार वगळले आहेत ते वाचा. ठरावीक सरकारी भत्ते घेणाऱ्यांना पीडीएसए आणि ब्लू क्रॉस या संस्था विनामूल्य किंवा कमी खर्चात उपचार देतात. तुमचा भाग त्यांच्या हद्दीत येतो का, हे प्राणी आणण्याआधीच पाहा.

सहा आठवड्यांची भारतवारी असेल तर बोर्डिंगची जागा आधीच धरा. पैसे घेऊन घरी कुत्रे सांभाळणाऱ्यांनाही इंग्लंडमध्ये कौन्सिलचे लायसन्स लागते. ते पाहायला मागा, त्यात संकोच नको. मैत्रिणीकडे ठेवणार असाल तर तिच्याही करारात प्राणी चालतो का, हे विचारा. दीर्घकाळ घर बंद राहणार असल्यास कौन्सिलला कळवण्याची अट अनेक करारांत असते. तेही त्याच वेळी करून टाका.

एवढे सगळे वाचून हट्ट करणाऱ्या मुलांना ‘नाही’ म्हणण्याची घाई नको. कौन्सिलच्या घरांत हजारो कुत्री-मांजरे नियमाने आणि सुखाने राहतात. या आठवड्यात करार शोधून वाचा, अर्ज पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पिल्लाचे नाव ठरवण्यापलीकडे काहीही ठरवू नका.